व्याजोक्ती आणि तिचा वाचक : ‘काळा’तील निबंधांचे पुनर्वाचन

शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळा’तील निबंधांविषयी एक मत सहज मांडले जाते : त्यांतील राजकारण कालबाह्य झाले, शैली मात्र टिकली. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण राजकारणापासून वेगळी काढता येईल अशी शैली या निबंधांत आहे काय, हाच मूळ प्रश्न होय.

‘काळ’ साप्ताहिक पुण्यास १८९८ साली निघाले. त्याच वर्षी, टिळकांवरील १८९७ च्या खटल्यापाठोपाठ, तत्कालीन भारतीय दंडसंहितेतील राजद्रोहाच्या १२४-अ या कलमाची व्याप्ती वाढविण्यात आली. सरकारविषयी अप्रीतीबरोबरच द्वेष वा तिरस्कार उत्पन्न करणे हाही गुन्हा ठरला. परांजपे यांच्या भाषेचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. टिळकांनी १८९७ साली ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हा रूप प्रश्नाचे असले तरी रोख उघड होता. परांजपे यांच्या लेखणीचा कल रोख झाकण्याकडे होता. सत्तेची स्तुती करावी, आणि ती इतकी ताणावी की उलट अर्थ घेतल्यावाचून वाचकास गत्यंतर उरू नये, ही त्यांची एक ठळक रीत. संस्कृत साहित्यशास्त्रात हिला व्याजस्तुती म्हणतात. संस्कृतचे व्यासंगी असलेल्या परांजपे यांना ती परकी नव्हती.

या रीतीत वाच्यार्थ कायद्याच्या हाती लागतो आणि व्यंग्यार्थ वाचकाकडे पोचतो. अशा लेखनावर राजद्रोह सिद्ध करू पाहणाऱ्या सत्तेपुढे मोठा पेच उभा राहतो. स्तुतीचा अर्थ निंदा आहे असे दाखवावयाचे, तर ती स्तुती कोणाही समंजस वाचकास खरी वाटणार नाही, हे सत्तेला आधी मान्य करावे लागते. येथे अभियोक्त्याला समीक्षकाचे काम करावे लागते, आणि आरोपीच्या सोयीचा असतो तो केवळ कोशातील अर्थ. तथापि हा आडोसा कायमचा नव्हता. १९०८ साली परांजपे यांना राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० साली ‘काळ’ बंद पडला. निबंधसंग्रहांवरही सरकारने बंदी घातली. ती पुढे उठली.

आज हे निबंध ग्रंथरूपाने वाचताना तीन गोष्टी हरपलेल्या असतात. ज्या वार्तेवर निबंध बेतला ती वाचकास ठाऊक नसते. दोन निबंधांमधील सात दिवसांचे अंतर नाहीसे झालेले असते. आणि लिहिण्यावाचण्यातील धोका उरलेला नसतो. पहिली उणीव संपादकाच्या टीपेने भरून काढता येते. दुसरीमुळे, आठवड्यातून एकदा तीक्ष्ण वाटणारी उक्ती ओळीने वाचताना ठराविक वाटू लागते. हा दोष लेखकाइतकाच संग्रह या प्रकाराचाही आहे. तिसरी उणीव मात्र गंभीर आहे. धोका गेला की आवरणाचे प्रयोजन दिसेनासे होते आणि आवरण अलंकार वाटू लागते. ‘शैली टिकली’ हा अभिप्राय याच भ्रमातून निघतो.

याचा अर्थ ही रीत निर्दोष होती असा नव्हे. व्याजोक्ती लेखक-वाचकांचे एकमत गृहीत धरते. ज्याला सरकार खरोखरच उपकारकर्ते वाटते, त्याला ती केवळ स्तुतीच वाटेल. त्यामुळे असे लेखन स्वपक्षीयांचे धैर्य वाढवू शकते. विरोधकाचे मत पालटणे त्याला अवघड जाते. शिवाय गुपित कळल्याच्या आनंदात मूळ युक्तिवाद तपासण्याचे राहून जाण्याचा संभव असतो. टिळकांचा उघड प्रश्न या बाबतीत अधिक टिकाऊ ठरतो, कारण त्याला उत्तर देता येते आणि प्रतिवादही करता येतो.

तेव्हा राजकीय लेखांच्या जुन्या संग्रहाचे मूल्यमापन करताना, त्यातील मते पुढे खरी ठरली की नाही एवढेच पाहून भागणार नाही. प्रत्येक वाक्य कोणासाठी होते, कोणापासून लपविलेले होते आणि ते लपविण्याची किंमत कोणी मोजली, हे अभ्यासकाने प्रथम निश्चित करावे. ‘काळा’च्या बाबतीत हे केल्यावाचून शैलीविषयीचा कोणताही निष्कर्ष अपुराच राहील.