'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' : पश्चात्तापाची दोन रूपे

मराठी आत्मचरित्राची चर्चा करताना ख्रिस्ती लेखकांच्या आत्मकथनांची नोंद बहुधा 'धर्मांतराची कथा' या एकाच सदरात केली जाते. धर्मांतर ही सामाजिक घटना आहे; तिला तारीख असते, साक्षीदार असतात, वर्तमानपत्रांत तिची बातमी येते. ख्रिस्ती परंपरेने मात्र अधिक महत्त्व दिले आहे ते पश्चात्तापाला, आणि त्याची तारीख सांगणे अवघड असते. बायबलच्या मराठी भाषांतरात 'पश्चात्ताप' हा शब्द ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी योजला आहे, त्या 'मेतानोइया'चा अर्थ 'मन पालटणे' असा आहे. मराठी शब्दात मागाहून होणाऱ्या तापावर भर आहे, तर ग्रीक शब्दात वळणावर. हा फरक लक्षात ठेवून बाबा पद्मनजी यांचे 'अरुणोदय' (1884) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (1934 पासून, चार भागांत) हे ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बाबा पद्मनजी (1831–1906) यांचा बाप्तिस्मा 1854 मध्ये बेळगावात झाला. म्हणजे 'अरुणोदय' हा त्यानंतर तीस वर्षांनी लिहिलेला ग्रंथ आहे. त्यात आत्मपरीक्षण आहे आणि ते प्रामाणिक आहे. परमहंस सभेविषयीचा भाग या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. 1849 च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली ही सभा जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करीत असे; परंतु तिचे काम गुप्तपणे चाले. बैठकीत जात मोडायची आणि घरी परतल्यावर ती पाळायची, ही दुहेरी वागणूक बाबांच्या मनाला लागली. मनात एक आणि आचरणात दुसरे ही अवस्था फार काळ सोसत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे. उघडपणे बाप्तिस्मा घेण्याविषयीची चलबिचल, घरच्यांची भीती आणि आईवडिलांच्या दुःखाचा विचार त्यांनी लपविलेला नाही.

तरीही ग्रंथाचे नावच त्याची मर्यादा सांगते. अरुणोदय झाला की रात्र संपते. बाबांनी आपल्या पूर्वायुष्यातील जे दोष मोजले आहेत, ते बहुतांशी त्या रात्रीच्या खात्यावर जमा होतात. ते पूर्वीच्या समजुतींचे, संस्कारांचे व भीतीचे दोष आहेत. बाप्तिस्मा हे कथनाचे शिखर असल्याने त्यापुढचा पाळक, संपादक आणि कोशकार असलेला माणूस त्या मानाने थोडाच तपासला जातो. परीक्षण करणारा आणि परीक्षिला जाणारा यांच्यामध्ये धर्मांतराची भिंत उभी राहते. मिशनच्या वाचकवर्गासाठी लिहिलेल्या ग्रंथात हे स्वाभाविक मानले, तरी समीक्षकाने ते नोंदविले पाहिजे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असे काही घडत नाही. मुळात त्यांना स्वतःचे चरित्र लिहायचेच नव्हते; नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी मुलाला, देवदत्तांना, आठवणी हव्या होत्या. त्या आठवणींतून हा ग्रंथ उभा राहिला. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. ही मधली पाच वर्षे आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. ताटातुटीच्या काळात त्यांनी पतीच्या धर्माचा तिरस्कार केला; पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे सोडले नाही. ज्या घरात बाजारातून आणलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत वडिलांचे सोवळे गेले होते, त्या घरात त्या वाढल्या होत्या. असे सोवळे वादविवादाने सुटत नाही, हे टिळकांच्या लक्षात आले असावे.

ते सुटले कसे, हे लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळताच ते आचरणात आणले. येथे गुप्त सभा किंवा प्रतिज्ञा नाही, उपदेशकही नाही. पुढे घेतलेला बाप्तिस्मा या वळणाची नोंद ठरतो. मूळ ग्रीक शब्दातले मनाचे पालटणे मराठी गद्यात इतक्या साधेपणाने अन्यत्र क्वचितच आले असेल. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञानाचा एकही पारिभाषिक शब्द न वापरता ते आले आहे, हे विशेष.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाप्तिस्म्यानंतरही लक्ष्मीबाई स्वतःला तपासायचे थांबवीत नाहीत. आपला हट्ट, भित्रेपणा, टिळकांशी झालेली भांडणे, पैशाची काळजी हे सारे त्या ख्रिस्ती झाल्यानंतरही तेवढ्याच मोकळेपणाने मांडतात. नवा धर्म स्वीकारल्यामुळे आपण निर्दोष झालो, असा आव त्यांनी कोठेही आणलेला नाही. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, अशी पौलाची करिंथच्या मंडळीला सूचना आहे. ती वारंवार करावयाची परीक्षा आहे. 'स्मृतिचित्रे'तील आत्मपरीक्षण या जातीचे आहे.

ते आपल्या नजरेतून निसटते, याचे कारण त्यातील विनोद. पदवीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकविताना आपण टिळकांचा विक्षिप्तपणा आणि लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी यांवर टिपणे देतो आणि पुढे जातो. (प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हेच केले.) वास्तविक हा विनोद बहुधा स्वतःवर रोखलेला आहे. सोवळ्याच्या पायी झालेली स्वतःची फजिती सांगणारी बाई त्या सोवळ्यामागचा अहंकारही दाखवीत असते. स्वतःच्या पापांचा गंभीरपणे पाढा वाचण्यात एक सूक्ष्म अभिमान शिरू शकतो. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टांताचा विषय प्रार्थनेत शिरणारा अभिमान हाच आहे. लक्ष्मीबाईंचे हसू त्या अभिमानाला जागाच ठेवीत नाही.

याचा अर्थ बाबांचे गांभीर्य कमी प्रतीचे होते, असा नव्हे. 1854 साली घरदार सोडणाऱ्या तेवीस वर्षांच्या तरुणाला हसणे परवडणारे नव्हते. लक्ष्मीबाईंना मधल्या पिढीचा आधार होता, शिवाय टिळकांच्या संगतीत तुकोबांचाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, आणि स्वतःला दोष देत देवाशी बोलण्याची भाषा त्या पुलावरूनच या घरात आली. बाबांनी मात्र ती भाषा जुन्या श्रद्धेसोबत मागे टाकली. त्यामुळे त्यांचे आत्मपरीक्षण तर्काच्या अंगाने जाते, लक्ष्मीबाईंचे संवादाच्या. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ओवी त्यांना परकी नव्हती.