इमारतींतील प्रक्षेप

माझ्या एका कादंबरीची दुसरी आवृत्ती निघावयाची होती. प्रकाशक म्हणाले, "मास्तर, शेवटी एक प्रकरण वाढवा. नायिकेचे लग्न झालेले वाचकांना पाहावयाचे आहे." मी आठ दिवस खपून प्रकरण लिहिले. भाषा माझीच, पात्रे तीच. पण ते जुन्या पुस्तकाला लागेना. अखेर फाडून टाकले. तेव्हापासून मुंबईच्या कोटातून जाताना जुन्या इमारतीवर मागाहून चढविलेला मजला दिसला, की मला वाटते, हे फाडावयाचे राहून गेलेले प्रकरण!

ग्रंथात मागाहून घुसलेल्या मजकुराला आपण प्रक्षेप म्हणतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असल्या भेसळीतून. स्वतः मोठे कवी असूनही आपली ओवी त्यांनी तीत घातली नाही, हा त्यांचा खरा मोठेपणा.

इमारतींच्या बाबतीत अशी दृष्टी यावयास फार उशीर लागला. मुंबईत जुन्या वास्तूंच्या रक्षणाचे नियम १९९५ साली झाले. त्यांत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला मजबुतीपुरताच हात लावावयाचा. दुसरीत आतले फेरफार चालतात आणि तिच्या एका पोटवर्गात त्याच आवारात नवी इमारतही चालते. मात्र ती जुनीला झाकोळणारी नसावी. तिसरीत आतबाहेर बदल करता येतो, पण आसपासच्या वळणाला धरून. नकाशे तज्ज्ञांच्या समितीपुढे जातात, समिती सल्ला देते आणि आयुक्त निर्णय देतात. थोडक्यात, ही समिती म्हणजे इमारतींची समीक्षक. आमच्या समीक्षकांना पुस्तक छापून झाल्यावर बोलता येते, हिला छापण्यापूर्वीच, एवढाच फरक. त्यामुळे जबाबदारी मात्र दुप्पट होते.

काळ्या घोड्याजवळचे १८७० सालचे डेव्हिड ससून ग्रंथालय घ्या. त्याचे उतरते छप्पर पुढे गेले आणि डोक्यावर काँक्रीटची सपाट गच्ची आली. मुंबईच्या पावसात उतार हा शोभेसाठी नसतो, पाणी निघून जाण्यासाठी असतो, एवढी साधी गोष्ट त्या दुरुस्तीत विसरली गेली. २०२३ साली नूतनीकरण होऊन ग्रंथालय पुन्हा उघडले, तेव्हा उतरते छप्पर परत आले होते. हे एकनाथी काम झाले: नवे काही न घालता प्रक्षेप काढणे.

पण प्रत्येक भर प्रक्षेपच असते, असे मात्र नाही. राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ सालची. तिच्या शेजारी नवे दालन बांधण्यासाठी स्पर्धा झाली आणि २०१४ साली स्टीव्हन होल या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या काँक्रीटची ती साधी वास्तू जुन्या खांब-कमानींची नक्कल करीत नाही. कित्येकांना हेच खटकेल. मला हाच तिचा गुण वाटतो. सुनेने सासूचे लुगडे नेसून सासू होण्याचा प्रयत्न करू नये. तिने आपल्या पातळात वावरावे, फक्त सासूच्या उजेडात उभे राहू नये.

आता तिसरे उदाहरण, आणि ते दुःखाचे. काळ्या घोड्याचेच वॉटसन हॉटेल. इंग्लंडात घडविलेला त्याचा लोखंडी सांगाडा जहाजाने येथे आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईने प्रथम पाहिली, ती येथेच. पुढे तेथे बिऱ्हाडे नि कचेऱ्या आल्या. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्तीचा प्रश्न लोंबकळत राहिला. २००५ साली इमारतीचा एक भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली. तेथे कोणी नवे प्रकरण लिहिले नाही. जुनेच पान वाळवी खात राहिली. यादीत नाव घातल्याने इमारत वाचत नाही.

माझे बालपण गिरगावात चाळीच्या दोन खोल्यांत गेले. संडास गॅलरीच्या टोकाला. साठी उलटलेली आजी पावसाळ्यात, रात्री, भिंत चाचपडत तेथवर जाई. त्या लाकडी कठड्याचे कोरीवकाम अप्रतिम होते, हे मला पुढे एका जाणत्याने सांगितले. खरेच होते ते. पण आजी ते कठडे धरून चालत असे, पाहत नसे. खोलीत एक मोरी वाढवावयाची असती, तर तो मी प्रक्षेप मानला नसता.

म्हणून समीक्षकाने नकाशावर शेरा मारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा बदल इमारतीने मागितला आहे, की मालकाच्या तिजोरीने? आणि नकार दिला, तर रात्री भिंत चाचपडत कोण चालणार आहे? पहिलाच प्रश्न विचारणारा इमारतीचा दर्शनी मुखवटा तेवढा वाचवील. दुसराच विचारणारा शहराची ओळख घालवून बसेल. दोन्ही विचारणारा समीक्षक शहराला मिळाला, तर जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती वाचनीय निघेल.