तुरुंगातील वर्ग आणि जात : 'सुकन्या शांता' निकालाचे वाचन

तिहारमध्ये 1994 पासून इग्नूचे अभ्यासकेंद्र आहे. 'पढो और पढाओ' उपक्रमात तेथील शिकलेले कैदी निरक्षर कैद्यांना शिकवतात. काम मोलाचे आहे. पण तुरुंगातील वर्गात जातीविषयी काय शिकवायचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालानंतर तो टाळता येत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेमुळे तुरुंग-नियमावल्यांतील मजकूर तपासला गेला. उत्तर प्रदेशच्या नियमावलीप्रमाणे साधी कैद झालेल्याला हलकी मानलेली कामे द्यायची नव्हती. अपवाद होता तो अशा कामांची 'सवय' असलेल्या समाजातील कैद्याचा. दिल्लीलगतचे गाझियाबादचे कारागृह याच राज्यात येते. न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले.

निकालाचे बळ 'सवय' या शब्दाच्या चिकित्सेत आहे. कोणताही समाज सफाईसाठी जन्माला येत नाही, हे न्यायालय स्पष्ट सांगते. सक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली की तिलाच सवय म्हणतात. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी विमुक्त जमातींवरील संशय उरला. निकालात त्याचीही दखल आहे. मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मुळे तो संशय अपरिचित नाही.

मात्र निकाल जिथे थांबतो, तिथून शिक्षकाचे काम सुरू होते. उद्या कामाचे वाटप जातीऐवजी 'कौशल्य' पाहून झाले, तर लिहिता येणाऱ्याला कार्यालय आणि न येणाऱ्याला झाडू मिळेल. बाहेर शाळा कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, हे जातीनेही ठरवलेले असते. मग कागदावर जात नसतानाही जुनीच वाटणी टिकेल. कैदीच कैद्याला शिकवतो, त्या वर्गातही फळ्याजवळ कोण आणि समोर कोण, हे पाहावे लागेल.

म्हणून तुरुंगातील संविधानाचा पहिला धडा अनुच्छेद 17 पाठ करून घेण्याचा नसावा. कैद्यांनी स्वतःच्याच बराकीची कामांची यादी वाचावी आणि कोणते काम कोणाकडे, का, असे विचारावे. हा प्रश्न निर्भयपणे विचारता येत नसेल, तर साक्षरतेचा आकडा वाढूनही शिक्षण अपुरेच राहील.

विचारासाठी प्रश्न : आपल्या महाविद्यालयात झाडलोट कोण करते, आणि ते काम त्यांच्याकडे कसे आले?