चरित्रातला हरवलेला वकील

मराठी चरित्रकाराला सभामंडप आवडतो, कोर्टकचेरी आवडत नाही. नायक व्यासपीठावर उभा राहिला की त्याच्या लेखणीला पाणी चढते. तोच नायक बगलेत कागदांचे बाड मारून न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागला की लेखणी जांभई देते, उपजीविकेपुरता वकिलीचा उल्लेख करते आणि पुढच्या सभेकडे धाव घेते. टिळकांच्या खटल्यांची गोष्ट वेगळी. तिथे नायक स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. परंतु दुसऱ्याचे वकीलपत्र घेऊन उभा राहणारा नायक आम्हांला जणू अर्धाच दिसतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दरवर्षी चौदा एप्रिलला आमच्या शाळेत मुले भाषणे करतात. जन्म, हालअपेष्टा, परदेशातले शिक्षण, महाड, नाशिक, राज्यघटना, धर्मांतर, क्रम ठरलेला. त्यात वकील येतो तो 'बॅरिस्टर झाले' एवढ्यापुरता. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, ती आमचेच ग्रंथ वाचून बोलतात. धनंजय कीरांचे चरित्र इंग्रजीत १९५४ साली आले, मराठीत १९६६ साली, चां. भ. खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. या दोघांचे ऋण मोठे आहे. कीरांना कथा सांगता येते आणि खैरमोड्यांनी कागद जपले. पुढच्या सर्वांनी या दोन विहिरींचेच पाणी भरले आहे. परंतु दोघांचीही मांडणी सालवारीची. सालवारीने एक घोटाळा होतो. जो दावा दहा वर्षे चालला तो दहा ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि दोन तुकड्यांमध्ये इतक्या परिषदा, दौरे व वादविवाद येऊन पडतात की दावा म्हणून तो वाचकाच्या मनात उभाच राहत नाही.

मी चवदार तळ्याच्या दाव्याविषयी बोलतो आहे.

तळ्याचे पाणी प्राशन केले तो दिवस, २० मार्च १९२७, सर्वांना पाठ आहे. त्यामागची पायरी थोड्यांना ठाऊक असते. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्या ठरावाला अनुसरून तळे खुले केले. म्हणजे मार्चमध्ये जो समुदाय तळ्यावर गेला तो कायदा मोडायला गेला नव्हता, कागदावर मिळालेला हक्क हातात घ्यायला गेला होता. हा फरक वकिलाला दिसतो. त्यानंतर मारहाण झाली, १०८ घागरींनी तळ्याची 'शुद्धी' झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या २५ तारखेपासून सत्याग्रहासाठी पुन्हा जमायचे ठरले.

आणि इथे सनातन्यांनी मोठी चतुराई केली. लाठी ठेवली आणि वकील केला. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला, की हे तळे खाजगी आहे व अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची अनादी वहिवाट आहे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

मनाईहुकूम म्हणजे काय, हे आमच्या रावेर तालुक्यात समजावून सांगावे लागत नाही. केळीच्या बागेचा बांध हातभर सरकला की भाऊ भावावर तो आणतो. तारीख पडते, पुढची तारीख पडते, घड कापायला येतात आणि हुकूम तसाच उभा. दावा जिंकणारा पुष्कळदा तोवर म्हातारा झालेला असतो. हे ज्याने भोगले आहे त्याला महाडच्या त्या चार दिवसांतले नाट्य व्यासपीठावरच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक कळेल. हजारो माणसे गावोगावहून भाकरी बांधून आलेली. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झालेले. तळे हाकेच्या अंतरावर. सभेचा कल सत्याग्रहाकडे. कलेक्टर स्वतः येऊन थांबण्याविषयी सांगतात. आणि ज्याच्या शब्दावर हे सारे जमले, तोच त्या दाव्यात प्रतिवादी आहे आणि बॅरिस्टरही आहे. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला आणि मिरवणुकीवर भागले.

चरित्रकार या प्रसंगापाशी अवघडतात. नायक माघार घेतो हे त्यांना सोसत नाही, म्हणून कोणी त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो, कोणी दूरदृष्टी. मला वाटते, खरी गोष्ट अधिक साधी आणि अधिक कठीण आहे. तो मनुष्य आपल्या लोकांना सांगत होता, की सरकार, पोलीस आणि सवर्ण गाव यांच्यापैकी कोणी आपले नाही, तेव्हा निदान न्यायालय तरी आपल्या विरुद्ध जाऊ देता कामा नये. असे सांगणारा पुढारी त्या क्षणी लोकप्रिय होत नसतो. आलेली माणसे हिरमुसली असतील. का हिरमुसू नयेत? तळे डोळ्यांसमोर ठेवून परत जायचे होते. कादंबरीकाराच्या दृष्टीने पाहाल तर साऱ्या चरित्रात याहून मोठा अंतर्विरोध नाही: पुढारी म्हणतो चला, वकील म्हणतो थांबा, आणि दोघे एकाच देहात. याला एखादे सबंध प्रकरण हवे होते.

पुढे मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण दावा चालूच राहिला. १९३१ साली महाडला निकाल प्रतिवादींच्या बाजूने, १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. वादी नरहरी दामोदर वैद्य, प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. वहिवाट अनादी आहे हे वादींना शाबीत करता आले नाही, म्हणून ते हरले. निकालाचा पाया पुरावा हा आहे, माणुसकीचे प्रवचन नव्हे. माणुसकीवर भाषण करणारे पुष्कळ होते; वहिवाट किती वर्षांची आणि तिचा पुरावा काय, हे विचारणारा मनुष्य एखादाच.

आता १९३७ हे साल जरा सबंध पाहा. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि इकडच्या साऱ्या आठवणींवर त्याचीच छाया आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणूक होऊन बाबासाहेब व त्यांचे बहुतेक उमेदवार निवडून आले. आमच्या पूर्व खानदेशातून त्या पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून गेले. पुढच्याच महिन्यात तळ्याचा निकाल. ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्याला आहेत, ते कोर्टाच्या कामासाठी; मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात. आणि १७ सप्टेंबरला विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडतात. चरित्रांची विभागणी अशी, की वकिली संपली आणि राजकारण सुरू झाले. वस्तुस्थिती अशी, की आमदार, पक्षप्रमुख आणि सरकारी विधिमहाविद्यालयाचा प्राचार्य असलेला मनुष्य खानदेशच्या पावसात कोर्टाच्या कामाला येतो.

राजकारण वकिलीतून कसे उगवले याचे आणखी एक उदाहरण देतो. घरातल्या सर्वांनी वाचायच्या अंकात ते जपून द्यावे लागते. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांच्या मागे ना जात होती, ना पक्ष, ना मते. संततिनियमनाचे नाव काढले की सभ्य माणसे उठून जात. असे वकीलपत्र घेऊन पुढाऱ्याच्या पदरी काही पडत नाही, आणि पडलेही नाही. खटला हरला व कर्व्यांना दंड झाला. पण नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, आणि त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिलेले होते. ठराव पडला. कोर्टात हरलेले म्हणणे सभागृहात पुन्हा मांडले आणि तिथेही हरले. या दुहेरी हरण्यात मला त्यांचा स्वभाव जितका दिसतो तितका विजयांत दिसत नाही. अजित दळवी यांच्या 'समाजस्वास्थ्य' नाटकात, अतुल पेठे यांनी ते बसवले आहे, हे कोर्ट रंगभूमीवर आले. नाटकवाल्यांना जे दिसले ते चरित्रकारांना का दिसू नये?

इंग्रजीत आनंद तेलतुंबड्यांनी महाडवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे; तो वाचताना पुन्हा हीच हळहळ वाटते, की अशी चिकाटी चरित्रलेखनात यावी.

राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून वाचावा. समतेचे मोठे शब्द पहिल्या कलमात येऊन जातात. दुसऱ्या कलमात मात्र घटना अचानक गावात उतरते. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. राज्याच्या पैशातून चालवलेले किंवा सर्वांसाठी अर्पण केलेले. देशाच्या मूलभूत कायद्यात तलाव आणि घाट कशाला, असे परक्याला वाटेल. बोल्यांचा ठराव आणि महाडचा दावा शेजारी ठेवला की कळते. मसुदा एकट्याचा नव्हता, समितीचा व संविधानसभेचा होता, हे खरे. पण ज्या मसुदासमितीचा अध्यक्ष दहा वर्षे एका तळ्याचा प्रतिवादी होता, तिच्या हातून 'समता' हा मोघम शब्द ठेवून भागले नसते. मोघम शब्दाचा प्रतिपक्षाचा वकील काय करतो, हे त्याला माहीत होते. आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी घटनेचे हृदय व आत्मा म्हणून ज्या तरतुदीकडे बोट दाखवले, ती कोणती? हक्क डावलला गेला तर सरळ सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणारी, आजचा बत्तिसावा अनुच्छेद. ही निवड वकिलाची आहे.

राजकारणाने या वकिलाला काय दिले, तेही चरित्रकारांनी अधिक धीटपणे लिहायला हवे. १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा. १९५२ साली लोकसभेला मुंबईत पराभव, १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा. भक्त लेखक हे प्रसंग घाईने उरकतात आणि विरोधक चवीने सांगतात. मतदार आणि न्यायाधीश यांची पारख वेगळी असते, ही कडू गोष्ट दोघेही बाजूला ठेवतात.

विद्वान लेखकांनी चुकवले ते साध्या माणसांनी चुकवलेले नाही. लळिंगला लांडोर बंगल्यापाशी दरवर्षी ३१ जुलैला, ऐन पावसात, लोक जमतात. तिथे ना परिषद झाली होती, ना सत्याग्रह. धुळ्याच्या कोर्टात आलेला एक वकील तिथे मुक्कामाला होता, एवढेच.