पदवीपत्र आणि नोंद : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांचें एक परीक्षण

मुंबईच्या उपनगरांतील माहुल हें गांव शिवडीच्या समोर, खाडीच्या पूर्वकांठीं वसलेलें आहे. मूळची वस्ती कोळी व आगरी लोकांची. इ. स. १९५० नंतर जवळच तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले, आणि अलीकडे शहरांतील विस्थापित कुटुंबांसाठीं बांधलेल्या उंच इमारतीही तेथें झाल्या. या गांवीं जाण्याचा प्रसंग आला असतां तेथील दवाखान्यांच्या पाट्या आम्हीं जुन्या संवयीनें, शिलालेख वाचावा तशा, वाचल्या. वर वैद्याचें नांव, खालीं पदवी आणि त्याखालीं एक क्रमांक. हा क्रमांक वैद्यक परिषदेच्या नोंदवहींतील असतो. तो दवाखान्यांत व औषधाच्या चिठ्ठीवर दाखविलाच पाहिजे, असा नियम २००२ सालीं झाला. कारखान्यांत राबणारा किंवा खाडींत जाळें टाकणारा रोगी पदवीच्या अक्षरांची परीक्षा करूं शकत नाहीं. ती आपल्यासाठीं दुसऱ्या कोणी केली आहे, एवढेंच तो क्रमांक त्यास सांगतो.

त्या तिसऱ्या ओळीनें आमच्या मनांत एक प्रश्न उत्पन्न केला. डॉ. आनंदीबाई जोशी यांस दवाखाना मांडण्याइतकें आयुष्य लाभतें, तर त्यांच्या पाटीवर ही तिसरी ओळ असती काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु तो मनांत धरून आनंदीबाईंचीं चरित्रें पुन्हां चाळलीं, तेव्हां आपण एका थोर स्त्रीविषयीं किती ठाम शब्दांत व किती अपुऱ्या पुराव्यावर बोलत आलों आहों, हें आमच्या ध्यानांत आलें. प्रस्तुत परीक्षण त्यासाठींच आहे.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच काळांत दोन चरित्रें प्रसिद्ध झालीं. पहिलें कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंचें, बोस्टन येथें १८८८ सालीं छापलेलें. दुसरें काशीबाई कानिटकर यांचें मराठी चरित्र, १८८९ सालचें. पुढें श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्यें आली. तिनें ही कथा घरोघर पोंचविली. अंजली कीर्तने यांचें विस्तृत चरित्र १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. या चौघांचे हेतु निरनिराळे असल्यामुळें त्यांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं.

डॉलबाईंच्या ग्रंथाचें मोल त्यांतील पत्रांत आहे. लेखिकेचा ग्रह अमेरिकेच्या बाजूचा आहे हें खरें. पण समकालीन पत्रें छापून ठेवणाऱ्याचे दोष आम्ही संशोधक मंडळी सहज पोटांत घालतों. काशीबाईंच्या ग्रंथाची योग्यता त्याहून वरची. एका मराठी स्त्रीनें दुसऱ्या मराठी स्त्रीचें चरित्र पत्रांच्या आधारें लिहावें, ही गोष्ट त्या काळीं अपूर्वच होती. कादंबरीकारास मात्र साक्षीदार म्हणून उभें करणें चूक होय. पतिपत्नींच्या मनांतील झगडा रंगविणें हें त्यांचें काम, व तें त्यांनीं उत्तम केलें. पण आज व्याख्यानांतून आनंदीबाईंविषयीं जें ऐकूं येतें, त्यांतील पुष्कळसें या कादंबरीवरून आलेलें असतें, आणि वक्त्यास त्याची जाणीव नसते. कीर्तने यांनीं कागदपत्रांचा शोध घेऊन यांपैकीं बरीच भेसळ निवडून काढिली, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे.

तथापि या सर्व वाङ्मयाचा भर आनंदीबाई परदेशीं कशा गेल्या, तेथें कशा राहिल्या व कशा खंगत गेल्या, यावर आहे. परत आल्यावर त्या कोणत्या अधिकारानें डॉक्टर ठरल्या असत्या, हा प्रश्न कथेच्या ओघांत मागें राहतो. पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर झाल्या, असें आपण गृहीत धरतों. जुन्या दप्तरांशीं परिचय असलेल्या वाचकास हें गृहीत खटकावें. वतनाची सनद हातीं असली म्हणजे काम संपत नसे. ती दप्तरीं रुजू व्हावी लागे, आणि राज्य पालटलें म्हणजे नव्या धन्याकडून पुन्हां करून घ्यावी लागे. परक्या मुलखांत मिळविलेल्या पदवीची गोष्ट याहून वेगळी नाहीं.

आमच्या मतें वैद्याच्या चरित्रांत चार कागद वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला पदवीपत्र, तें शिक्षण देणारी संस्था देते. दुसरा नोंदीचा दाखला. तो जेथें वैद्यकी करावयाची त्या मुलखाची सत्ता देते. तिसरा नेमणुकीचा हुकूम, जो मालक देतो. चौथा रोग्यांच्या टिपणांचा, जो वैद्य स्वतः लिहितो. पहिला शिक्षणाचा पुरावा आहे, दुसरा अधिकाराचा, तिसरा विश्वासाचा, आणि प्रत्यक्ष कामाचा पुरावा चौथ्यावांचून दुसरा नाहीं. एका कागदावरून दुसऱ्याचें अनुमान करणें म्हणजे दानपत्र पाहून गांव वसला असें म्हणण्यासारखें आहे.

या कसोटीवर आनंदीबाईंचा दाखला पाहूं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांस ता. ११ मार्च १८८६ रोजीं मिळाली. प्राचीन हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पहिल्या कागदाविषयीं अशा रीतीनें शंका उरत नाहीं. तिसराही आहे: कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांस नेमलें. चौथा कागद मृत्यूनें होऊं दिला नाहीं. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या क्षयानें जर्जर होऊन मुंबईस उतरल्या आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. कोल्हापूरचें काम त्यांच्या हातून सुरूच झालें नाहीं. राहिला दुसरा. तो त्यांच्या कागदपत्रांत शोधण्यांत अर्थ नाहीं. कारण तो देणारें दप्तरच त्या वेळीं मुंबई इलाख्यांत नव्हतें. वैद्यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९१२ सालचा आहे, व बंगाल आणि मद्रासचे १९१४ चे.

येथें विलायतेकडे दृष्टि टाकणें अवश्य आहे. तेथें १८५८ च्या कायद्यानें नोंदवही सुरू झाली, आणि परदेशची पदवी त्या वहींत बसेना. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनीं १८४९ सालीं अमेरिकेंत पदवी घेतली होती. कायद्यापूर्वींच इंग्लंडांत वैद्यकी केलेल्यांस सवलत होती, म्हणून त्यांचें नांव १८५९ सालीं नोंदलें गेलें. त्यांच्यामागून येणारीस ती वाट बंद झाली. एलिझाबेथ गॅरेट यांस पॅरिसची पदवी १८७० सालीं मिळाली, पण विलायतच्या वहीनें ती मानली नाहीं. एडिथ पीची यांनीं १८७७ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें पदवी मिळविली. तरी नोंदीकरितां त्यांस त्याच वर्षीं डब्लिनच्या वैद्यसंस्थेची परीक्षा द्यावी लागली. याच पीचीबाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या व पुढें कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तेव्हां परदेशीं शिकलेल्या वैद्यास घरीं परतल्यावर दाराशीं थांबविणें हा प्रकार हिंदुस्थानानें काढलेला नाहीं.

यावरून आनंदीबाईंची स्थिति स्पष्ट होते. त्यांची पदवी लंडनच्या वहींत चढली नसती, आणि मुंबईस चढवावयास वहीच नव्हती. मग त्यांस डॉक्टर मानलें कोणीं? कोल्हापूर दरबारानें. त्या नेमणुकीकडे चाकरी म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तिचा अर्थ अधिक मोठा आहे. नोंदवही नसतांना, एका मराठी संस्थानानें परदेशच्या पदवीस आपल्या मुलखापुरती दिलेली ती मान्यताच होती. चरित्रांतील हें सर्वांत महत्त्वाचें राजकीय पत्र असून त्याचा विचार त्या दृष्टीनें व्हावयास पाहिजे होता. काशीबाईंस याबद्दल दोष देतां येत नाहीं. जी नोंद अस्तित्वांतच नव्हती, तिची उणीव त्यांस १८८९ सालीं कशी भासावी? दोष येतो तो १९१२ नंतर लिहिणाऱ्यांकडे व आम्हां वाचकांकडे.

‘हिंदुस्थानांतील पहिली स्त्री डॉक्टर’ कोण, हा वादही याच घोटाळ्यांतून निघाला आहे. कादंबिनी गांगुली यांस कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयाची पदविका १८८६ सालींच मिळाली. त्यांनीं पुढें १८९३ मध्यें एडिंबरो येथील परीक्षा दिल्या आणि दीर्घकाळ वैद्यकी केली. रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत शिकल्या. त्यांनीं १८९४ सालीं स्कॉटलंडांतील वैद्यसंस्थांची सनद मिळविली, जी विलायतच्या वहींत चढण्याजोगी होती. आणि पुढें अनेक वर्षें सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केलें. पहिला कागद पाहिला तर आनंदीबाईंचा मान अढळ आहे. चौथा पाहिला तर तो कादंबिनी व रखमाबाई यांचा आहे. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. एकीच्या गौरवासाठीं दुसरीची वर्षें पुसण्याचें कारण नाहीं. रखमाबाईंचें नांव त्यांच्यावरील विवाहाच्या खटल्यापुरतेंच घेऊन थांबण्याची जी रीत पडली आहे, ती तर सोडलीच पाहिजे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९१२ च्या मुंबईच्या कायद्यानें नोंद नसलेल्यास वैद्यकी बंद केली नाहीं. परंतु सरकारी नेमणूक व दाखले देण्याचा अधिकार नोंदलेल्यांकडे गेला. देशी वैद्य व हकीम यांची नोंद करणारा कायदा मुंबई प्रांतांत १९३८ सालीं झाला. मध्यंतरीं १९३० मध्यें विलायतच्या परिषदेनें हिंदी विद्यापीठांच्या वैद्यक पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिविद्येचें शिक्षण अपुरें, असा तिचा आक्षेप होता. म्हणजे मुंबईचा पदवीधर लंडनला परका ठरला. पाठोपाठ १९३३ च्या कायद्यानें अखिल हिंदुस्थानाची वैद्यक परिषद स्थापन झाली. १९५६ सालीं नवा कायदा आला, आणि २०१९ च्या कायद्यानें परिषदेच्या जागीं राष्ट्रीय आयोग आला.

आज महाराष्ट्रांतील अनेक मुलें रशिया, चीन, जॉर्जिया, फिलिपाइन्स आदि देशांतून पदवी घेऊन येतात. नोंदीपूर्वीं त्यांस चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें; ही अट मार्च २००२ पासून लागू आहे. तीनशें गुणांपैकीं निदान दीडशें मिळवावे लागतात. २०२१ च्या नियमांनीं आणखी अटी घातल्या: किमान चौपन्न महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, तेथेंच बारा महिन्यांची उमेदवारी, आणि परत आल्यावर येथें पुन्हां बारा महिन्यांची. या वादांत आनंदीबाईंचें नांव दोन्ही बाजूंनीं ओढलें जातें. एक पक्ष म्हणतो, त्यांस कोणी परीक्षा घातली होती? दुसरा म्हणतो, आजच्या पदव्यांशीं त्यांच्या पदवीची तुलनाच नको. पहिल्या पक्षास आमचें उत्तर असें कीं, वही नव्हती म्हणून परीक्षा नव्हती. तो त्या काळाचा उदारपणा नव्हे. दुसऱ्यास असें कीं, परदेशची पदवी घेऊन दाराशीं उभें राहणें ही स्थिति आनंदीबाईंचीही होती, आणि दार उघडणारा एक दरबार भेटला म्हणून ती आपणांस दिसत नाहीं. माहुलच्या रोग्यास त्या क्रमांकाची गरज आहे, हें आम्ही मान्य करतों. पण क्रमांकावरून अधिकार कळतो, योग्यता नव्हे. ती ज्यावरून कळावी ते चौथ्या प्रकारचे कागद आपण जपलेले नाहींत.

म्हणून संग्राहकांस एक विनंति करून हें परीक्षण संपवितों. आपल्याकडे पोथ्या, बखरी, सनदा यांचा शोध होतो, तो व्हावाच. परंतु जुन्या डॉक्टरांच्या घरीं माळ्यावर पडलेल्या रोग्यांच्या वह्या, औषधांच्या चिठ्ठ्या, नोंदीचे दाखले व वैद्यक परिषदांनीं छापलेल्या नोंदलेल्या वैद्यांच्या याद्या रद्दींत जात आहेत. पदवीपत्र चौकटींत घालून भिंतीवर लावलेलें असल्यामुळें तेवढें वांचतें. आनंदीबाईंच्या चरित्रांत चौथा कागद नाहीं, त्यास त्यांचा अकालमृत्यु कारण झाला. त्यांच्या मागून आलेल्या ज्या स्त्रियांनीं आयुष्यभर रोगी तपासले, त्यांचाही तो कागद नाहींसा झाला, तर त्यास केवळ आपला निष्काळजीपणा कारण होईल.