दोन डोळे, बारा हात आणि एक हजेरी

'दो आँखें बारह हाथ' (1957) हा व्ही. शांतारामांचा चित्रपट बहुतेकांना प्रार्थनेमुळे आठवतो. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी आणि त्यांना उघड्या माळावर शेती करायला घेऊन जाणारा जेलर आदिनाथ, एवढीच गोष्ट. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा माणदेशातले, आणि गोष्टीचं मूळही त्याच मुलखात आहे.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आज सांगली जिल्ह्यात येतं. 1939 साली मात्र हा भाग औंध संस्थानात होता, आणि खुद्द औंध साताऱ्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. ती अजून चालू आहे. निवडलेले कैदी तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात.

चित्रपट आणि वसाहत शेजारी ठेवून पाहिलं, की एक फरक खटकतो.

चित्रपटात ओसाड जमीन आहे, घाम आहे, पीक आहे. पण कैदी पळून जायला निघतात तेव्हा त्यांना काय अडवतं? आदिनाथचे डोळे. पडदाभर मोठे झालेले ते डोळे पाठलाग करतात आणि माणसं परत फिरतात. दृश्य जबरदस्त आहे, पण ते सांगतं काय? भिंत पाडली, पहारेकरी मात्र आत नेऊन बसवला. तो प्रेमळ आहे, एवढंच. शेवटी तो बैलांशी झुंजताना मरतो आणि आपण एका महात्म्यासाठी रडून बाहेर पडतो. माणसं बदलली ती त्याच्या पुण्याईने, असं मनात ठेवून.

स्वतंत्रपूरची हिंमत वेगळी आहे. महात्मे बदली होऊन जातात, निवृत्त होतात. आठ दशकांहून जास्त काळ टिकली ती व्यवस्था. उद्या पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं, पोराला शाळेत कधी पाठवायचं, असे प्रश्न ज्याच्यासमोर रोज येतात, तो माणूस हळूहळू त्या प्रश्नांना शोभेसा वागू लागतो. कैदी निवडूनच पाठवतात, त्यामुळे ही जादू नाही. पण निवडतानाही 'याच्यावर विश्वास टाकू' असं कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

याच्या नेमकं उलट टोक दोन वर्षांनी आलेल्या एका कादंबरीत आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. ते गावही आज सांगलीत आणि त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यात. त्यांच्या 'फकिरा'मागे (1959) 1871चा गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे. त्या कायद्याने माणूस काय करतो हे न पाहता, कुणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला चोर ठरवलं. हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. इथेही डोळेच आहेत, फक्त त्यांत माया नाही. उपाशी माणसाला आधीच गुन्हेगार म्हणून नोंदवून ठेवल्यावर प्रामाणिक राहण्याचं बक्षीस काय उरतं? अण्णाभाऊ हा प्रश्न भाषणातून नाही, भुकेतून उभा करतात.

पण फकिरा परिस्थितीच्या हातातलं बाहुलं नाही. धान्य लुटतो ते गावाला जगवायला, आणि आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःहून सरकारच्या हवाली होतो. परिस्थितीने त्याचे पर्याय कमी केले. उरलेल्यांतून निवड त्याने केली. 'परिस्थितीच माणूस घडवते' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी 'फकिरा' पुन्हा वाचावी.

1971 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झिम्बार्डो यांनी विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी बनवलं. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. पहारेकऱ्यांना कठोर वागायच्या सूचना होत्या, अशी टीका पुढे झाली. पण त्यातूनही एक गोष्ट कळते: परिस्थिती आभाळातून पडत नाही, ती कुणीतरी आखतं. हजेरीचा कायदा आखलेला होता, स्वतंत्रपूरही आखलेलंच.

आज आपल्याभोवती काय आखलं जातंय? अभ्यासिकेत सीसीटीव्ही, वसतिगृहात बायोमेट्रिक, घरी लाइव्ह लोकेशन. 'काळजीपोटी' हा शब्द सगळीकडे आहे, आदिनाथच्या डोळ्यांत होता तसाच. कॅमेऱ्यासमोर पोरं नीट वागतात हे खरं. पण कॅमेरा बंद झाल्यावर कशी वागतील, हे त्यातून कळत नाही.

शांतारामांचा चित्रपट जरूर बघा, तो मोठाच आहे. फक्त ते डोळे पडद्यावर आले, की एक प्रश्न स्वतःला विचारा: हे नसते, तर हे सहा जण थांबले असते का? चित्रपटाला तशी खात्री वाटत नाही. आटपाडीच्या माळावरच्या वसाहतीने मात्र तो धोका 1939 सालीच पत्करला.