ठेका कोण धरणार?

अमेरिकेतल्या मराठी घरांत गाणं आता दोन प्रकारे होतं. एक कराओके. दुसऱ्याला आपण ‘जॅमिंग’ म्हणतो. कराओकेवर माझा राग नाही. ट्रॅक बेसूर होत नाही, मधेच चहाला उठत नाही, आणि आपण गाण्यात कुठे आहोत हे पडद्यावर अक्षरांचा रंग बदलून सांगतो. तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल. त्या नावाखाली आपण जे करतो ती बहुतेक वेळा गिटार घेऊन खेळलेली अंताक्षरी असते, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आमच्या चँडलरचाच नमुना घ्या. इथे इंटेलचे कारखाने, त्यामुळे ओळखीतली बरीच मंडळी चिपच्या धंद्यातली. उन्हाळ्यात बाहेर बसायची सोय नाही (२०२३ साली शेजारच्या फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या खाली राहिला नव्हता), म्हणून मैफल दिवाणखान्यात. सतरंजी, पेटी, तबल्याची जोडी, दोन गिटार आणि हल्ली कुणाच्या तरी मुलीचा ट्रंपेट. सामान उत्तम. मग गिटारवाला मोबाइलवर कॉर्ड शोधतो, गायक मूळ ध्वनिमुद्रिकेतल्या जागा जशाच्या तशा घेतो, तबलजी प्रत्येक ओळीच्या शेवटी तुकडा टाकतो, पेटी गळ्यामागे फरपटत जाते. टाळ्या. पुढचं गाणं. ट्रंपेटवाली मुलगी वाद्य मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसलेली. तिला कुणी अडवलेलं नसतं, पण शिरायला फटही ठेवलेली नसते.

ही मुलगी शाळेच्या जॅझ बँडमध्ये वाजवते. तिच्या हाताखाली बारा मापांचा ब्लूज पक्का बसलेला आहे, आणि तबलजीच्या हाताखाली त्रिताल. दोघं एकाच गावात राहतात, एकाच गणपतीला येतात, आणि एकमेकांची वाद्यं ‘वेगळ्या पद्धतीची’ म्हणून सोडून देतात. जरा आकडेमोड करू. बारा मापं, प्रत्येकी चार मात्रा: ४८. त्रितालाची तीन आवर्तनं: ४८. हा नुसता बेरजेचा योगायोग नाही. ब्लूजमध्ये पहिली चार मापं षड्जाचा कॉर्ड असतो. पाचव्या मापाला मध्यमाचा कॉर्ड येतो, म्हणजे सतराव्या मात्रेला, म्हणजे बरोबर दुसऱ्या समेवर. नवव्या मापाला पंचमाचा कॉर्ड, ती तिसरी सम. आणि षड्जाकडे परतणं सातव्या आणि अकराव्या मापाला. बोटांवर मोजून पाहा, ती दोन्ही ठिकाणं खालीची आहेत!

म्हणजे दोघांचा नकाशा एकच आहे, फक्त घर उलट बाजूला आहे. आपण समेला घरी येतो. ब्लूजवाला दुसऱ्या-तिसऱ्या समेला घरातून बाहेर पडतो आणि खालीला परततो. मी ऐकलेल्या एका बैठकीत तबलजीने सुरेख तिहाई बांधली, नेमकी समेवर आणून टाकली, आणि खोलीत काहीच झालं नाही. कारण ती दुसरी सम होती. त्या क्षणी गिटार मध्यमाकडे निघून गेली होती. तिहाई बंद दारावर जाऊन थडकली. तीच तिहाई तिसऱ्या आवर्तनात बांधून पुढच्या फेरीच्या पहिल्या समेवर उतरवली असती, तर माना डोलल्या असत्या. चूक हाताची नव्हती. त्याने दुसऱ्याच्या घराचा पत्ता विचारला नव्हता.

सुरांचंही तसंच. ‘बी फ्लॅट’ म्हटलं की पेटीवाले बिचकतात. ती आपली काळी पाच. मुलगी एकाच फेरीत दोन्ही गंधार लावते म्हणून ‘हे कुठल्या रागात बसतं?’ असा प्रश्न येतो. जोग ऐकलेल्या माणसाने तरी तो विचारू नये. (पेटीचे सूर ठरीव पट्ट्यांचे, त्यांतून ब्लूजचा मधला झुकता गंधार निघत नाही. तिथे पेटीने गप्प बसावं. गप्प बसणं हाही वादनाचा भाग आहे, पण हे पेटीवाल्यांना सांगणं कठीण.)

जॅम म्हणजे वाटेल ते, वाटेल तेव्हा, अशी आपली समजूत. न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये १९३८ साली मिंटन्स प्लेहाउस उघडलं. तिथल्या रात्रीच्या बैठकांमधून बीबॉप आकाराला आलं, असं जॅझच्या इतिहासात वाचायला मिळतं. पण त्या बैठकांना घरचा वाद्यवृंद होता. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क. पाहुणे येत, वाजवत, जात. जमीन धरून ठेवणारे तेच. तेही सामान्य वादक नव्हते, हे लक्षात घ्या. खोलीतल्या सर्वांत तयार माणसांनी ठेका धरला होता.

हे शिकायला हार्लेमला जायचीही गरज नव्हती. मुंबईच्या लोकलमध्ये ऑफिसला जाणारी भजनी मंडळं आठवा. स्टेशन आलं की उतरणारा गजर अर्धवट टाकून उतरतो, चढणारा त्याच मात्रेपासून टाळ धरतो. सिंधुदुर्गातली डबलबारी घ्या. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, पेट्या, झांजा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं, मधे यथेच्छ चिमटे. ह्यांतले पुष्कळ लोक दिवसा नोकरी, शेती, दुकान करणारे. हौशीच. पण बुवाची खरी मिजास कोरसच्या जोरावर असते. बुवा कुठेही भरकटला तरी ध्रुवपद अचूक झेलणारी माणसं मागे असतात. आपण परदेशात येताना बुवा होण्याची हौस बरोबर आणली. कोरस मात्र तिकडेच राहिला, त्याच्या जागी ब्लूटूथ स्पीकर आला.

म्हणून माझी सूचना अगदी रुक्ष आहे. पुढच्या वेळी गाण्यांची यादी करू नका. एक पट्टी ठरवा, एक लय ठरवा, ४८ मात्रांची एक फेरी. तुमच्यातला सगळ्यात चांगला तबलजी असेल त्याला पहिली वीस मिनिटं नुसता ठेका वाजवायला सांगा. तुकडा नाही, तिहाई नाही. तो कुरकुरेल. गायकाने शब्दांशिवाय दोनच फेऱ्या घ्याव्यात आणि मग खरोखर थांबावं. शांतता झाली तर कुणी घाईने तीत सूर भरू नये. सोफ्याच्या कडेला बसलेल्या मुलीला ट्रंपेट तोंडाशी न्यायला तेवढाच वेळ लागतो.